तिसऱ्या खुर्चीवरचा दिवा

आमच्या चॅनलवर सगळ्यात मोठं खोटं कोण बोलायचं, असं विचारलंत तर तुम्हाला वाटेल मी अँकरकडे बोट दाखवीन. अँकर तोंडाने खोटं बोलायचा, आणि तोंडाने बोललेलं निदान ऐकू तरी येतं. सगळ्यात मोठं खोटं बोलायची ती एक पावडरची डबी. ती उघडली नाही की काम झालं.

ती डबी ज्यांच्या हातात होती त्यांना सगळा स्टुडिओ पावडरताई म्हणायचा. मी तिथे कॅमेरा चालवायचो. चॅनल लहान, त्यामुळे दिवे चढवणं-उतरवणंही माझ्याच गळ्यात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांना शिव्या घालणार आहे, आणि त्यातून मी स्वतःला वगळलं असं कुणाला वाटायला नको.

ताईंच्या सासऱ्यांचं फोटोचं दुकान होतं. अर्जावर चिकटवायचे, ओळखपत्रावर लावायचे असले फोटो. एक स्टूल, मागे निळा पडदा, भिंतीवर आरसा आणि आरशाखाली कंगवा आणि पावडरची डबी. ताई सून म्हणून घरात आल्या तेव्हा दुकानातलं पहिलं काम त्यांना मिळालं ते हे: फ्लॅश पडायच्या आधी गिऱ्हाइकाच्या कपाळावरून पफ फिरवायचा. सासरे म्हणायचे, "सूनबाई, हा फ्लॅश लबाड आहे. चांगल्या माणसाचं कपाळ असं चमकवतो की ओळखपत्रावर तो फरारी वाटायला लागतो. आपण काही कुणाला सुंदर करत नाही. माणूस जसा आहे तसा दिसला पाहिजे, एवढ्यासाठीच पावडर."

हे वाक्य ताई आम्हाला इतक्या वेळा ऐकवायच्या की आम्ही त्यांची टर उडवायचो. पुढे सासरे गेले, घरोघरी मोबाइल आले आणि दुकानाला कुलूप लागलं. ताईंचे यजमान, ज्यांना गल्ली अजून फोटोवालेच म्हणते, घरी बसून रोज सकाळी कॅमेरा पुसायचे, जणू दुपारी कुणी गिऱ्हाईक येणारच आहे. पदरात एक मुलगी. ताई डबी उचलून आमच्या चॅनलवर आल्या आणि चौदा वर्षं राहिल्या.

मेकअपची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. दोन खुर्च्या, आरशाभोवती बल्ब, खिडकी नाहीच. सुरुवातीच्या वर्षांत तिथे मोठी मजा असायची. थोड्या वेळाने पडद्यावर एकमेकांचे गळे धरणारे दोन पक्षांचे प्रवक्ते तिथे शेजारी-शेजारी, गळ्यात टॉवेल अडकवून, लहान मुलं केस कापायला बसतात तसे बसायचे आणि एकमेकांच्या पोटाची चौकशी करायचे. ताई दोघांनाही एकाच पफने झोडपायच्या. त्यांची एक लांबट वही होती. तीत पाहुण्याचं नाव, तारीख आणि त्याच्या कातडीला जुळणाऱ्या शेडचा नंबर. माणूस दुसऱ्यांदा आला की पुन्हा चाचपत बसायला नको. "माझ्या वहीत पक्षाचा रकानाच नाही," असं त्या मोठ्या तोऱ्यात सांगायच्या.

मग आमच्या मालकांना सरकारच्या मांडीला मांडी लावून बसायची चटक लागली. ते कसं झालं, का झालं, ते मला ठाऊक नाही. मी कॅमेऱ्याच्या मागचा माणूस. मला फक्त एवढं दिसलं, की एक दिवस पाहुण्यांची यादी आली आणि तीत काही नावांपुढे बरोबरची खूण होती. संपादक म्हणाले, "ताई, वेळ कमी पडतो हो. खूण असेल त्यांनाच घ्या. बाकीचे राहू देत नैसर्गिक."

आठवडाभर ताईंना ते खरंच वेळेचंच कारण वाटलं. दुसऱ्या आठवड्यात खूण नसलेले पाहुणे अर्धा अर्धा तास आधी येऊन खुर्चीत बसायला लागले आणि ताई समोर हातावर हात ठेवून. तिसऱ्या आठवड्यात त्यांना कळलं की खुणा कुणापुढे पडतात. सत्तेतल्यांपुढे. सत्तेची तळी उचलणाऱ्यांपुढे. ज्यांना काही विचारायचं होतं, तक्रार करायची होती, त्यांच्यापुढे कोरं. वहीत त्यांच्या नावापुढे शेडच्या जागी ताई एक आडवी रेघ मारायला लागल्या. भांडल्या नाहीत. मुलीचं शिक्षण चालू होतं, दुकानाला कुलूप होतं, आणि एका पफसाठी कोण भांडतं?

आता माझी पाळी. त्याच सुमारास स्टुडिओत नवे दिवे आले. हे दिवे थंड असतात, खाली दोन तास बसलात तरी कपाळ कोरडं. जुने हॅलोजन म्हणजे शेगडीच. पाहुण्यांच्या तीन खुर्च्यांवरचे मी एकेक उतरवत होतो, तर संपादक खालून ओरडले, "तिसऱ्या खुर्चीवरचा राहू दे!"

"का हो?"

"तिथे सावली पडते."

वीस वर्षं दिवे लावणाऱ्याला हा माणूस सावली शिकवत होता. तिथे कसलीही सावली पडत नव्हती. मी शिडीवर उभा राहून मान हलवली. मान हलवायला कष्ट पडत नाहीत, म्हणून तर माझ्यासारख्यांच्या माना शाबूत राहतात.

मग पुढचं आपोआप बसत गेलं. ज्याच्यापुढे खूण नाही तो तिसऱ्या खुर्चीत. डोक्यावर शेगडी, कपाळावर काही नाही. आमच्या अँकरला आम्ही पाठीमागे भोंगा म्हणायचो. त्याचीही एक रीत ठरून गेली. तिसऱ्या खुर्चीवाल्याला पहिली दहा-बारा मिनिटं बोलूच द्यायचं नाही, नुसतं शिजू द्यायचं. मग अचानक वळून प्रश्न टाकायचा. त्याच क्षणी माझ्या हेडफोनमध्ये हुकूम यायचा, "तीन, कपाळ!" मी कॅमेरा पुढे न्यायचो. पडद्यावर घामाचा एकेक थेंब बोराएवढा. घरी बघणाऱ्याला दोन गोष्टी दिसायच्या: सत्तेतला माणूस कोरडा, शांत, विचारणारा माणूस घामाघूम, घाबरलेला. कुणाला काही ऐकायची गरजच उरायची नाही. लोक कानापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवतात, आणि आम्ही त्यांच्या डोळ्यांतच धूळ फेकत होतो.

अशी तीन वर्षं गेली. मग ते तपासनीस आले.

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत नळाच्या पाण्याचे नमुने तपासायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. शहरात नवी जलवाहिनी टाकली होती, मंत्र्यांनी स्वतः नळ सोडून, ओंजळभर पाणी पिऊन तिचं उद्घाटन केलं होतं, आणि निवडणूक दोन महिन्यांवर होती. तपासनीसांना बारापैकी नऊ नमुन्यांत सांडपाण्यातले जंतू सापडले. वर कळवलं. वरच्यांनी कागदावर कागद ठेवले. पुन्हा कळवलं. शेवटी आमच्या चॅनलकडून फोन गेला, "या, आम्ही तुमची बाजू ऐकून घेऊ," आणि त्या भल्या माणसाला ते खरं वाटलं.

कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात अहवाल. ताईंच्या खुर्चीत ते शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले. ताईंनी सवयीने डबी उघडली. मग यादीवर नजर गेली. नावापुढे खूण नव्हती. डबी बंद. मी दारात वायर गुंडाळत होतो, मला सगळं दिसत होतं.

तपासनीस म्हणाले, "मला नको का?"

ताई म्हणाल्या, "नको हो दादा. तुमचा चेहरा छानच आहे. गरजच नाही."

ते लाजले. खरंच लाजले. आरशात एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून बघितलं. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला चेहऱ्याबद्दल असं कुणी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं असावं. खुशीतच ते तिसऱ्या खुर्चीत जाऊन बसले.

संध्याकाळी सातचा कार्यक्रम. अकरा मिनिटं ते दिव्याखाली गप्प. दोन प्रवक्ते नव्या जलवाहिनीचे गोडवे गात होते. बाराव्या मिनिटाला भोंगा गर्रकन वळला, "काय हो, लोकांना कशाला घाबरवताय?"

"बारा नमुन्यांपैकी नऊ..." त्यांनी एवढं म्हणत अहवाल वर धरला.

माझ्या कानात: "तीन, कपाळ! कागद नको! कपाळ!"

कागद माझ्या चौकटीत होता. वरचे आकडे वाचता येत होते, शिक्का दिसत होता. मी चौकट वर सरकवली. केसांच्या रेषेतून एक थेंब निघाला, कानशिलावरून कॉलरपर्यंत गेला, आणि मी त्याच्याबरोबर गेलो. भोंगा ओरडला, "तपासनीससाहेब, एवढा घाम का फुटलाय? काय लपवताय?" त्यांनी गडबडून रुमाल काढला आणि तिथेच संपले. घाम पुसणारा माणूस घाम आलेल्या माणसापेक्षा जास्त चोर दिसतो. खाली पट्टी धावायला लागली: "खोटं उघडं पडलं, तपासनीसाला फुटला घाम!" 'नऊ' हा त्यांचा शेवटचा ऐकू आलेला शब्द.

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. अर्ध्या मिनिटाचा तो तुकडा दोन दिवसांत प्रत्येक मोबाइलमध्ये होता. लोकांनी त्याला हसण्याचे आवाज जोडले. खात्याने तपासनीसांना निलंबित केलं आणि चौकशी लावली.

त्याच दोन दिवसांतल्या एका रात्री ताईंच्या घरी काय झालं, ते फोटोवाल्यांनी मला पुढे सांगितलं. जेवताना मुलीने मोबाइलवर तोच तुकडा लावला. मुलगी हुशार, कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवणारी. ती म्हणाली, "आई, हा माणूस शंभर टक्के खोटारडा आहे. बघ ना, कसा घामाघूम झालाय!" ताईंचा हात ताटातच थांबला. फोटोवाले म्हणाले, "तरी पण काही दिवस पाणी उकळून पिऊ या." मुलगी म्हणाली, "काय हो बाबा! सगळ्यांसमोर उघडा पडला तो, आणि तुम्ही अजून उकळताय!"

ताई तेव्हाही गप्प बसल्या. पाणी उकळ म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. का ते सांगितलं असतं तर डबीचं सांगावं लागलं असतं, रेघांचं सांगावं लागलं असतं. पोटच्या पोरीसमोर ते कोणत्या तोंडाने सांगणार? त्या गुपचूप एक पातेलं उकळून झाकून ठेवायच्या. मुलगी तहान लागली की सरळ नळाखाली ग्लास धरायची. कारण सांगितल्याशिवाय या वयाची पोरं ऐकतात का कुणाचं?

महिनाभराने एका सकाळी मुलगी आरशापुढे केस विंचरत होती. मागून जाताना ताई थबकल्या. आयुष्य चेहऱ्यांचे रंग ओळखण्यात गेलेलं. डॉक्टरांच्या आधी त्यांना कळलं. नंतर मला म्हणाल्या, "माझ्याकडे सतरा शेड आहेत रे. त्यातला एकही तिच्या गालाला जुळत नव्हता." कावीळ. त्यांच्या एका गल्लीत अकरा जणांना. मुलगी बावीस दिवस अंथरुणावर होती, आणि त्यातले चार दिवस असे होते की डॉक्टर घरच्यांच्या नजरेला नजर देत नव्हते.

आणि आमच्या भोंग्याने त्या आठवड्यात कार्यक्रम काय करावा? "साथ की कारस्थान?" शहरातली पोरं पिवळी पडत होती आणि हा विचारत होता, निवडणुकीच्या तोंडावरच कशी बुवा साथ आली! मला आजही ती पट्टी आठवली की हातात येईल ते भिरकावून द्यावंसं वाटतं. त्या दिवशी मात्र मी कॅमेऱ्यामागे होतो, आणि माझ्या हातात कॅमेराच होता. तो काही मी भिरकावला नाही.

त्या कार्यक्रमाला सरकारी रुग्णालयातल्या एक डॉक्टरीणबाई येणार होत्या. खूण अर्थातच नव्हती. ताई रुग्णालयातून, मुलीच्या उशाजवळून उठून आल्या होत्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंना खुर्चीत बसवलं, डबी उघडली आणि कपाळ, नाक, हनुवटी, मान, सगळीकडे पफ फिरवला. तासभर तिसऱ्या खुर्चीत डॉक्टरीणबाई कोरड्या बसल्या. माझ्या कानात "कपाळ! कपाळ!" चालू होतं आणि कपाळावर काहीच नव्हतं. भोंग्याचा प्रश्न घशातच राहिला. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी पाहुण्याचं बोलणं लोकांना ऐकू गेलं.

कार्यक्रम संपल्यावर संपादक मेकअपच्या खोलीत शिरले. "ताई, यादी वाचता येत नाही का?"

"येते ना," ताई म्हणाल्या. "तीन वर्षं वाचतेय. जेवताना घास उतरत नाही, इतकी नीट वाचलीय."

"उद्यापासून येऊ नका."

"नाहीच येणार होते." त्यांनी डबी आणि वही पिशवीत टाकली, टॉवेल धुवायला टाकायचे राहिलेत एवढं मला सांगितलं, आणि गेल्या.

मुलगी बरी होऊन घरी आल्यावर ताई तपासनीसांच्या दारात गेल्या. दार बायकोने उघडलं. नवऱ्याने तिला सगळं सांगितलं होतं, उघडून बंद केलेल्या डबीसकट. ती म्हणाली, "आता काय बघायला आलात? घाम वाळला का ते?"

ताई म्हणाल्या, "बोला वहिनी. बोला तुम्ही. त्यासाठीच आलेय."

बाई बोलली. दारात उभं ठेवून, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात, मनात साठलेलं सगळं बोलली. मग तिचीच तिला लाज वाटली आणि तिने पाणी आणून दिलं, उकळलेलं. तपासनीसांनी आरोपपत्र पुढे ठेवलं. त्यात लिहिलं होतं, "सदर कर्मचारी दूरचित्रवाणीवरील चर्चेत घाबरलेले व घामाघूम झालेले दिसून आले, यावरून आपली माहिती खोटी असल्याची त्यांना जाणीव होती हे स्पष्ट होते." शिक्क्यानिशी, सहीनिशी. तीस वर्षांची नोकरी आणि नऊ नमुने एका बाजूला, आणि आमचा हॅलोजन दुसऱ्या बाजूला. कागदावर हॅलोजन जड ठरला होता.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या घरी. बायकोने चहा ठेवला. ताईंनी कपाला हातही लावला नाही. "चौकशीत मी दादांच्या बाजूने साक्ष देणार आहे. मला दिवा पाहिजे."

"बाजारात मिळतो की, ताई."

"तिसऱ्या खुर्चीवरचाच पाहिजे. दुसरा नेला तर म्हणतील, हिने मुद्दाम तापणारा आणला."

मी कारणं सांगायला लागलो. चॅनलचा माल आहे, नोंद असते, माझी नोकरी आहे. माझी कारणं संपेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "तू साक्ष देऊ नकोस. एक अक्षर बोलू नकोस. नुसता दिवा आण, लाव आणि दाराशी उभा राहा. तुझी मान शाबूत राहील." माझ्या बायकोने तेव्हा माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही. दुरुस्तीला नेतो म्हणून मी दिवा उतरवला.

चौकशी खात्याच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होती. दुपारचे बारा. लांब टेबल, लोखंडी कपाटं, कपाटांवर दोरीने बांधलेल्या फायली, कोपऱ्यात टंकलेखन करणारे कारकून. चौकशी अधिकारी निवृत्तीला आलेले, शांत, कुणाचं ऐकताना चष्मा काढून हातात धरणारे गृहस्थ. खात्याच्या वकिलाने आमचा तो तुकडा तीनदा लावला. तपासनीस तीनही वेळा खाली बघत राहिले.

मग ताईंना साक्षीला बोलावलं. त्यांनी वही पुढे ठेवली. तीन वर्षांतल्या एकशे चाळीस आडव्या रेघा. साहेबांनी पानं चाळली आणि म्हणाले, "बाई, वही घरी बसूनही लिहिता येते."

"येते, साहेब."

"आणि समजा खरी आहे. पावडर लावली नाही म्हणून खरा माणूस खोटा दिसतो, हे मी कसं मानायचं?"

"मला दहा मिनिटं द्या. आणि तुमची खुर्ची द्या."

वकील उसळला. साहेब मात्र हसले, कदाचित सकाळपासून तेच ते बघून कंटाळले असतील. म्हणाले, "लावा, बघू." मी त्यांच्या डोक्यावर दिवा चढवला, स्टुडिओत होता तेवढ्याच उंचीवर, आणि पंखा बंद केला. बटण दाबलं. फोटोवाले दुकानातला जुना डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून समोर उभे राहिले. इतक्या वर्षांनी दुपारचं गिऱ्हाईक आलं होतं.

पहिली तीन मिनिटं साहेब मजेत होते. पाचव्या मिनिटाला त्यांनी कॉलर सैल केली. सातव्याला वरच्या ओठावर थेंब आले. नवव्याला केसांच्या रेषेतून एक निघाला, कानशिलावरून खाली आला, आणि त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला. फोटोवाल्यांनी नेमका तेव्हा फोटो घेतला.

ताईंनी कॅमेऱ्याचा पडदा साहेबांपुढे धरला. "साहेब, तुम्ही काही लपवत नाही आहात, हे या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. पण हा फोटो बघून सांगा. हा माणूस खरा आहे की खोटा?"

साहेब फोटोकडे बघत राहिले. वकीलही बघायला वाकला आणि सरळ झाला. कुणीही म्हटलं असतं, हा माणूस नक्की काहीतरी दडवतोय.

मग ताईंनी डबी उघडली आणि साहेबांच्या कपाळावर पफ फिरवला. मला वाटलं होतं, ताई त्यांना तसंच घामाघूम सोडतील. तीन वर्षांचा राग होता. पण त्या म्हणाल्या, "हलू नका. बिनपावडरचं कपाळ आता मी कुणाचंच सोडत नाही." फोटोवाल्यांनी दुसरा फोटो घेतला. साहेबांनी दोन्ही फोटो फायलीत लावायला सांगितले.

ताई तशाच तपासनीसांसमोर गेल्या. दिवा त्यांच्यावर नव्हताच, तरी त्यांनी पफ पुढे केला.

तपासनीस म्हणाले, "माझा चेहरा छान आहे, गरज नाही, असं म्हणाला होतात."

"खोटं बोलले होते मी, दादा."

कोपऱ्यातल्या कारकुनाची बोटं थांबली. त्याने विचारलं, "साहेब, हे लिहायचं का?"

"लिहा," ताईच म्हणाल्या. "माझ्या नावानिशी लिहा. यादीत खूण नव्हती, मला ते माहीत होतं, आणि मी खोटं बोलले."

कारकुनाने लिहिलं. साहेबांनी मला दिवा बंद करायला सांगितलं, पंखा लावायला सांगितलं. मी दोन्ही केलं. आता दिवा उतरवायचा आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. साहेब चष्मा हातात धरून म्हणाले, "बाई, या तुकड्यात ते काहीतरी वर धरताना दिसतात. कागद असावा. कॅमेरा कागदावर न जाता कपाळावर का गेला?"

"ते माझं काम नाही, साहेब."

"मग कुणाचं होतं?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. शब्द दिला होता ना. त्या शांतपणे पफ पुसत बसल्या. तपासनीसांना मी कोण ते माहीत नव्हतं, फोटोवाले कॅमेऱ्यात डोकं घालून होते. दार माझ्या पाठीशी होतं, उघडं. मी म्हटलं, "माझं, साहेब. कागद माझ्या चौकटीत होता. आकडे वाचता येत होते. मी वाचले होते."

खोलीत सगळे वळले. दिवा बंद होता. पंखा गरगरत होता. आणि माझ्या कपाळावरून, कानशिलावरून, मानेवरून घाम ओघळत होता, शर्ट पाठीला चिकटला होता. मी ताईंकडे बघितलं. त्यांच्या हातात डबी होती.

त्यांनी झाकण लावलं. "तुझा राहू दे," त्या म्हणाल्या. "तुझा खरा आहे."